तीन सारखी खोकी

रिबीनमावशी पहिल्यांदा लक्षात राहिली ती एका फुटबॉलमुळे.

नाताळच्या आधीची गर्दी होती. दुकानाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या खाली, भेटवस्तू बांधून देणारं एक लांबट टेबल होतं आणि त्याच्यासमोरची रांग पार छत्र्यांच्या विभागापर्यंत गेली होती. एका गृहस्थाने पिशवीतून फुटबॉल काढून टेबलावर ठेवला. तो घरंगळला, मग त्याने तो पकडला आणि ओशाळून म्हणाला, "हा काही बांधता यायचा नाही, नाही का?"

टेबलामागच्या बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाईने चेंडू हातात घेतला, कलिंगड निवडावं तसा फिरवून बघितला आणि विचारलं, "कोणासाठी?"

"मुलासाठी. सात वर्षांचा आहे."

"हलवून बघणारा आहे की दाबून बघणारा?"

गृहस्थ गडबडला. त्याने आपल्या मुलाचा या बाजूने कधी विचारच केला नव्हता. "दोन्ही," तो म्हणाला. "शिवाय वास घेतो."

रांग हसली. बाईने टेबलाखालून एक रिकामं खोकं काढलं, तळाला चुरगळलेला कागद घातला, चेंडू बसवला, चारी कोपरे कागदाने गच्च भरले आणि वर पुठ्ठ्याचे दोन तुकडे ठेवले. मग टेबलाच्या कडेला अडकवलेल्या गुंडाळीतून कागद सर्रकन ओढला, कापला, घड्या पडल्या, रिबीन फिरली, कात्रीच्या पात्यावरून तिची टोकं खेचली आणि ती भोवऱ्यासारखी गोल गोल झाली. "घ्या," ती म्हणाली. "आता दाबू दे काय दाबायचं ते. त्याला वाटेल, अभ्यासाची पुस्तकं आहेत. तोंड वाकडं करेल. करू दे. उघडेपर्यंतच आहे ते."

रांगेतल्या लोकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दोन-चार जणांनी वाजवल्याही.

दुकानात सगळे तिला रिबीनमावशी म्हणत. डिसेंबरभर तिच्या खांद्यावर, केसांत, कधी चपलेच्या पट्ट्यातसुद्धा रिबिनीचा एखादा तुकडा अडकलेला असायचा. तिची मुलगी शाळेत असल्यापासून ती या टेबलामागे उभी होती. आता त्या मुलीचीच मुलं शाळेत जात होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाला होता आणि गल्लीत अजून लिफ्टवाले याच नावाने ओळखला जायचा. संध्याकाळी ती घरी आली की लिफ्टवाले तिच्या केसांतून रिबिनीचे तुकडे वेचून काढत आणि म्हणत, "आज लाल जास्त खपलेली दिसते."

तिच्या कामाचा दुसरा भाग मात्र लोकांच्या लक्षात येत नसे. डिसेंबरात ती वस्तू बांधायची आणि जानेवारी लागला की त्याच टेबलाशेजारच्या खिडकीत बसून परत आलेल्या वस्तू घ्यायची. स्वतः बांधलेलं खोकं काही दिवसांनी उघडून, अर्धवट बंद होऊन, नाराज चेहऱ्याच्या आईच्या काखेतून परत येताना ती दरवर्षी बघायची. त्यामुळे कुठल्या वस्तू परत येतात हे तिला न विचारता कळू लागलं होतं. स्वस्त वस्तू क्वचितच परत येत. परत यायच्या त्या भल्यामोठ्या, चमचमत्या. बाप वर्षभर परगावी असतो, काकू भांडण मिटवायला बघत असते, आईला वाटत असतं आपण फार ओरडतो. "माणूस घाबरला की महागाचं घेतो," ती लिफ्टवाल्यांना सांगायची, "आणि पोरांना त्याचा वास बरोबर येतो." खोक्यावर छापलेलं वय बघून घेतलेली वस्तूही हमखास परत यायची. याउलट एका आजोबांनी नातीसाठी खरीखुरी, पोलिसांच्या हातात असते तसली शिट्टी बांधून नेली होती. ती परत आली नाही. आजोबा तेवढे आले, कानात घालायचे बोळे कुठल्या मजल्यावर मिळतात ते विचारायला.

इतकं सगळं कळत असूनही त्या वर्षी रिबीनमावशी स्वतःच घाबरली होती.

कारण होतं एक नऊ वर्षांची मुलगी. मावशीच्या मुलाने उन्हाळ्यात लग्न केलं होतं. सून समजूतदार होती, कामाला तडफदार होती आणि तिला आधीच्या लग्नाची एक मुलगी होती. सडपातळ, शांत, डोळे सगळीकडे. घरात तिला सगळे लाडाने "नवी नात" म्हणायचे, पण नव्या नातीने अजून कोणालाच काही म्हटलेलं नव्हतं. तिला मावशीशी बोलायचं असलं की ती जवळ येऊन उभी राहायची आणि मावशीने वळून बघितलं की मग बोलायची. "पाणी हवंय." "आई बोलावतेय." हाक मारायला लागू नये म्हणून त्या पोरीने केवढी वाट काढली होती! आजी नाही, काकू नाही, "अहो" नाही, "ऐका ना" नाही. मावशीला ते कळायचं आणि टोचायचं. तिला रागही येत नसे. आपण तरी कोण तिचे, एवढंच वाटायचं.

आणि आता नाताळला सगळे घरी येणार होते. मुलीची दोन मुलं, म्हणजे अकरा वर्षांचा प्रश्नोबा आणि पाच वर्षांची चिमणी, यांच्याबरोबर ही तिसरी. प्रश्नोबाला आणि चिमणीला काय द्यायचं ते मावशीला केव्हाच सुचलं होतं. त्यांना ती जन्मापासून ओळखत होती. पण नवीला त्या दोघांसमोर काही साधं, कोणालाही देता येईल असं दिलं, तर ते तिला त्याच क्षणी कळणार होतं. बाकीच्या दोघांची भेट नातवंडांची आणि आपली पाहुण्याची. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळायला वेळ लागत नाही.

म्हणून मावशीने खेळण्यांच्या मजल्यावर जाऊन एक बाहुलीघर बाजूला काढून ठेवायला सांगितलं. दुमजली. आत दिवे लागायचे, जिना उघडायचा, खिडक्यांना पडदे होते. घेतलं असतं तर तिच्या पगाराला भगदाड पडलं असतं.

"मावशी, डोळे झाकून घ्या," खेळणीवाली पोरगी म्हणाली. ती त्याच वर्षी नोकरीला लागली होती आणि तिला सगळंच आवडायचं. "आठ ते दहा वर्षं लिहिलंय बघा. मुली वेड्या होतात याच्यासाठी."

"तुझ्याकडे होतं?"

"माझ्याकडे? मला कुठलं! मी काडेपेट्यांचं कपाट केलं होतं."

"मग वेडी झाली होतीस?"

"कपाटासाठी? अहो, झोपताना उशाशी घेऊन झोपायचे!" आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन खेळणीवालीने जीभ चावली. "पण हे घ्याच. तुमच्या नावाने ठेवते आत."

घरी लिफ्टवाल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जानेवारीत ते तुलाच खिडकीत परत घ्यावं लागलं तर तोंड कुठे लपवशील?"

"तुम्ही सुचवा मग दुसरं काही!"

"मला काय सुचणार? मी त्या पोरीला तीनदा बघितलंय. तिन्ही वेळा ती मला बघत होती."

पुढच्या रविवारी मुलगा, सून आणि नवी दुपारच्या चहाला आली. मावशीने आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं की आज काहीतरी काढून घ्यायचंच. शाळेत काय आवडतं? "सगळं." रंग कुठला आवडतो? "कुठलाही." मोठेपणी काय व्हायचंय? यावर नवीने आईकडे बघितलं आणि आईने छताकडे. लिफ्टवाल्यांनी मध्ये पडून विचारलं, "लिफ्टची दोरी बघायचीय का? माझ्याकडे एक तुकडा आहे." ही त्यांची पाहुण्या मुलांसाठीची ठेवणीतली ऑफर होती. नवीने दोरी बघितली, हातात घेऊन तोलली, "जड आहे," म्हणाली आणि परत दिली. तेवढंच.

हरलेल्या मनाने मावशी स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं, कपाट उघडायला हात लावला आणि तशीच थांबली. कपाटाच्या काचेत बाहेरची खोली दिसत होती. मोठी माणसं गॅलरीत गेली होती. खोलीत नवी एकटीच होती आणि आपल्याला कोणी बघत नाही असं तिला वाटत होतं. तिने टेबलाच्या कडेला अंगठा टेकवला, बोटं ताणली, करंगळी जिथे पोचली तिथे अंगठा आणला, पुन्हा बोटं ताणली. ओठ हलत होते. टेबल झालं. मग खिडकीची कड झाली. मग खुर्चीची पाठ. मग ती दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि डोळे वर करून किती उरलंय ते बघू लागली. मावशी कपबशा घेऊन बाहेर आली तेव्हा नवीचा हात खिशात गेलेला होता.

कप विसळायला सून आत आली तेव्हा मावशीने आवाज खाली करून विचारलं, "ही वितीने मोजते का गं?"

सुनेचा चेहरा पडला. "तुम्ही बघितलंत? आई, मी तिला किती सांगते, दुसऱ्यांच्या घरी नको. घर बदलायचं ठरलं ना, तेव्हा मी म्हटलं, नव्या खोलीत तुझं सगळं मावेल. तर म्हणे, कशावरून? मग स्वतःच टेबल मोजलं, पलंग मोजला, पुस्तकांची फळी मोजली. खोली बघायला आलो तर आधी भिंती मोजल्या. बरोबर मावलं सगळं. तेव्हापासून जिथे जाईल तिथे हेच."

"मग त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही हो. पण मागच्या महिन्यात रडून गोंधळ घातला. म्हणे माझं टेबल लहान झालं, कोणीतरी बदललं. टेबल कशाला लहान होतंय! हिचा हात वाढला. मी समजावलं, तरी तिचं एकच, मग आधी मोजलेलं सगळंच चुकलं ना?"

 मावशीच्या अंगात एकदम वारं भरल्यासारखं झालं. ती सुनेला काही सांगू शकत नव्हती, हसू आवरत नव्हतं आणि सून चमकून बघत होती, आईंना यात हसण्यासारखं काय वाटलं म्हणून.

पाहुणे जिना उतरायच्या आत मावशीने लिफ्टवाल्यांना गॅलरीत ओढलं. "अहो, टेप! मोजायची टेप! लोखंडी, बटण दाबलं की आत जाते ती!"

"मुलीला? नऊ वर्षांच्या?"

"तिला दहाची होईपर्यंत थांबवू का?"

लिफ्टवाले सगळं ऐकेपर्यंत गंभीर होते. ऐकल्यावर ते उठले आणि चपला घालू लागले. "तू घेऊ नकोस. तुला त्यातलं कळत नाही. पट्टी मध्येच मोडते, नाहीतर सटकन परत येऊन बोट कापते. थांबवायचा खटका हवा. कड बोथट हवी." अवजारांच्या दुकानात त्यांनी सगळ्या टेप ओढून, सोडून, कानाशी धरून बघितल्या. दुकानदार म्हणाला, "काका, कुठली इमारत बांधताय?" शेवटी पिवळ्या रंगाची, तळहातात मावणारी, खटक्याची एक निवडली. बाहुलीघर बांधायला लागला असता त्या कागद-रिबिनीच्या खर्चात ती आली.

पण घरी येऊन ती टेबलावर ठेवली तेव्हा ती फारच लहान दिसू लागली. लिफ्टवालेच म्हणाले, "पहिला नाताळ आहे गं तिचा आपल्याकडे."

मावशीची ती रात्र काही बरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी खेळणीवाली म्हणाली, "मग दोन्ही द्या ना, मावशी!" क्षणभर मावशीला ते पटलंही. पण बाहुलीघराशेजारी ती टेप कोण बघणार? आणि प्रश्नोबा-चिमणी काय म्हणतील? दुमजली घर देऊन पोरीला त्या दोघांपासून वेगळीच बसवल्यासारखं होईल. "सोड ते," मावशी म्हणाली. "माझं नाव काढ त्याच्यावरून." खेळणीवालीने खांदे उडवले आणि बाहुलीघर पुन्हा मांडणीवर ठेवलं. जेवणाच्या सुट्टीतून मावशी परतली तोवर ते विकलं गेलं होतं आणि बांधायला तिच्याच टेबलावर आलं होतं. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

प्रश्नोबासाठी तिने घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून एक बंद पडलेलं, गजराचं जुनं घड्याळ आणि एक बारका पेचकस आणला होता. त्या मुलाने आजवर घरातला रेडिओ, बॅटरी आणि आईचा केस वाळवायचा पंखा उघडून मार खाल्ला होता. उघडून बघायची परवानगी असलेली वस्तू त्याला कोणी दिली नव्हती. आणि चिमणीसाठी घंटी. मावशीच्या खिडकीत गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली, डोक्यावर टिचकी मारली की 'टिंग' वाजणारी घंटी असते तशीच. आजीच्या दुकानात आली की चिमणी त्या घंटीपासून हलायची नाही आणि प्रत्येक वेळी कोणीतरी "पुरे आता" म्हणून तिला उचलून न्यायचं.

बांधायच्या दिवशी मावशी लहान मुलीसारखी खूश होती. चपलांच्या विभागातून तिने तीन सारखी खोकी आणली. दुकानात गुंडाळीच्या तळाशी उरलेला एकाच नक्षीचा कागद तिला मिळाला होता. प्रश्नोबा हलवून बघणारा, चिमणी कान लावणारी. त्यांचा बंदोबस्त तिने असा केला की घंटीच्या आत कापूस कोंबला, घड्याळ कापडात गुंडाळलं, टेप पुठ्ठ्यात घट्ट बसवली आणि तिन्ही खोकी एका वजनाची व्हावीत म्हणून कमी पडेल तिथे जुनी मासिकं घातली.

"खोकं बांधतेस की तिजोरी?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"ओळखा. कशात काय आहे?"

त्यांनी एकेक खोकं उचललं, हलवलं, पालथं केलं, बोटांनी टकटक करून बघितलं. "नाही बुवा."

"हरलात!" मावशीने टाळी वाजवली.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात आली नाही.

दुकानाच्या टेबलावर कधीच कोणाचं नाव लिहीत नसत. गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडायचं नाही, नाव घरी जाऊन ज्याचं त्याने लिहायचं, हा तिथला पहिला नियम होता. इतक्या वर्षांत मावशीच्या हाताने हजारो खोकी बांधली, पण एकावरही नाव लिहिलं नव्हतं. हाताला ती सवयच नव्हती.

नाताळच्या सकाळी घर नुसतं उकळत होतं. चिमणीने खिडकीच्या कट्ट्यावर दुकान मांडलं होतं आणि ती सगळ्यांना रांगेत उभं करत होती. "टिंग! पुढचे या! तुम्हाला काय परत करायचंय?" नवीलाही तिने गिऱ्हाईक केलं होतं. नवी एक उशी परत करायला आली होती. "का परत करताय?" "मऊ आहे." "मऊच असते! घेत नाही! टिंग! पुढचे!" मधल्या वेळात नवी हळूच दाराची चौकट मोजत होती आणि प्रश्नोबा पलंगाखालून, दिव्याची वायर कुठे जाते ते शोधता शोधता, तिच्याकडे बघत होता.

मग सगळे नाताळच्या झाडाभोवती बसले आणि प्रश्नोबाने विचारलं, "आजी, माझं कुठलं?"

मावशीने हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला.

तीन खोकी. एकच कागद, एकच रिबीन, एकच गाठ. तिने पहिलं उचललं, हलवलं. दुसरं. तिसरं. आवाज नाही, वजनात फरक नाही. 

"आई," मावशीची मुलगी म्हणाली, "नाव नाही लिहिलंस?"

"आयुष्यभर जगाची बांधलीस," मुलगा हसत सुटला, "आणि घरच्यांचीच—"

लिफ्टवाल्यांना तर ठसका लागला. "अगं, मग उघडू दे," ते डोळे पुसत म्हणाले. "उघडलं की तू सांग कोणाचं कुठलं."

मावशी त्यांच्या कानाशी लागली. "आणि नवीने दुसऱ्याचं उघडलं तर? पहिल्याच नाताळला तिच्या हातातून काढून घेऊ?"

लिफ्टवाल्यांचं हसू विझलं.

पण विचार करायला वेळच मिळाला नाही. "टिंग!" चिमणी ओरडली, "रांगेत या!" आणि दुकानदारीणबाईंनी खोकी वाटूनसुद्धा टाकली. एक दादाला, एक नवीला, एक स्वतःला.

प्रश्नोबाने कागद फाडायला दोन झटके घेतले. "आयला! खरी टेप! लोखंडी!" त्याने पट्टी सर्रकन ओढली, बटण दाबलं, ती खटकन आत गेली. पुन्हा ओढली. "केवढी लांब आहे बघा! आजोबा, तुमचा पाय ठेवा इथे!"  पोराला आवडलीच होती टेप. का नाही आवडणार? त्याच्या हातातून आता ती कशी मागायची?

नवी गाठ सोडवत होती. फाडत नव्हती. रिबीन गुंडाळून बाजूला ठेवली, कागदाची घडी घातली, झाकण काढलं, कापूस काढला आणि बोट टेकवलं.

टिंग.

चिमणी उडी मारायच्या पवित्र्यातच थिजली. तोंड उघडं, डोळे बशीएवढे. तिने काही मागितलं नाही, पण तिच्याच्याने श्वासही घेववत नव्हता. नवीने घंटीकडे बघितलं, चिमणीकडे बघितलं. मग खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुझं आहे," ती म्हणाली.

"माझं?"

"दुकान तुझं आहे ना."

टिंग टिंग टिंग टिंग! घरात दुसरं काही ऐकू येईना. मावशी "अगं, अगं" करत पुढे झाली, तर लिफ्टवाल्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं. नवी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्यासमोर काही नव्हतं. चेहऱ्यावरही काही नव्हतं, आणि तेच बघवत नव्हतं. चिमणीचं खोकं अर्धवट उघडून पडलं होतं. त्यातून घड्याळाचा एक पितळी पाय बाहेर डोकावत होता.

प्रश्नोबाने तो बघितला. टेप हातात घेऊनच तो रांगत गेला, घड्याळ काढलं, कानाशी धरलं, मग पेचकस सापडला. "हे उघडायचं?" त्याने आजीकडे बघितलं. "म्हणजे खरंच उघडायचं? कोणी ओरडणार नाही?"

मावशीने "उघड" म्हणून मान हलवली. 

"मग हे माझं," प्रश्नोबा म्हणाला. त्याची नजर हातातल्या टेपकडे गेली. एकदा, शेवटची, त्याने ती ओढून सोडली. मग नवीसमोर धरली. "ही तुझी."

नवीने हात पुढे केला नाही. "कशावरून?"

"कशावरून काय? आजी असंच देते. आपण जे करून ओरडा खातो ना, तेच देते. मी उघडतो, चिमी टिंग करते. सकाळपासून दारं कोण मोजतंय? मी मोजतोय?"

नवी लाल झाली. कानापर्यंत. तिने टेप घेतली, पट्टी एक बोटभर ओढली, बारीक आकडे डोळ्यांजवळ नेऊन बघितले, खटका लावला, पट्टी थांबली. खटका काढला, आत गेली. मग ती मावशीसमोर येऊन उभी राहिली. नेहमीसारखी. मावशी तिच्याकडे बघतच होती.

"तुम्ही मला बघितलं होतं?"

"हो."

"कुठून?"

"कपाटाच्या काचेतून."

नवीने विचार केला. रागवावं की नाही, याचा हिशेब चाललेला स्पष्ट दिसत होता. मग तिने विचारलं, "ही वाढत नाही ना?"

"नाही गं. ही नाही वाढत. तू कितीही वाढ."

यावर ती हसली. मावशीने तिचे पुढचे दात पहिल्यांदाच बघितले. एक अर्धा आलेला होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला आवर घालणं कोणाच्या हातात राहिलं नाही. टेबल मोजलं, खिडकी मोजली, झाड मोजलं. लिफ्टवाल्यांचं पोट मोजायचं ठरलं, तर त्यांनी श्वास आत घेतला आणि प्रश्नोबाने "फसवणूक! पुन्हा!" म्हणून आरडाओरडा केला. प्रत्येक आकड्याला चिमणी टिंग करत होती. मुलगा आणि सून पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि सूनच उंच निघाली. मुलगा म्हणाला, टेप परत करा. "घेत नाही! टिंग!" सून हसता हसता मध्येच स्वयंपाकघरात गेली आणि तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला.

खोलीची लांबी मोजायची वेळ आली तेव्हा नवी एका भिंतीशी गुडघे टेकून बसली. पट्टी मध्येच वाकत होती. प्रश्नोबा घड्याळात नाक खुपसून बसला होता. नवीने मान वर न करताच हाक मारली, "आजी, ते टोक धरा ना जरा. भिंतीला लावून. अं हं, खाली. अजून खाली."

मावशी गुडघ्यांची तक्रार विसरून फरशीवर बसली आणि तिने टोक धरलं. खोलीच्या त्या टोकाला नवी आकडा वाचत होती आणि आपण काय म्हणून गेलो, याचा तिला पत्ताही नव्हता. मावशीने तो लागू दिला नाही. लिफ्टवाले तेवढे तिच्याकडे बघत होते आणि नाक शिंकरत होते.

"हलू नका हं, आजी," नवी म्हणाली. "हललात तर सगळं परत मोजावं लागेल."

"नाही हलत," मावशी म्हणाली.

रिबीनमावशी आता साठीच्या पुढे गेली आहे. दुकानात ती अजूनही जाते, डिसेंबरात टेबलामागे आणि जानेवारीत खिडकीत. शनिवारी मात्र तिची सुट्टी असते. त्या दिवशी तिन्ही नातवंडं तिच्याकडे राहायला येतात.